पैनगंगेचे दोन काठ आणि ऊष्मागतिकीचे अध्ययन

माहूरची ख्याती देवस्थानाची आहे. रेणुकेचे ठाणे, दत्तशिखर, अनसूयेचे शिखर आणि डोंगरावरचा जुना किल्ला यांमुळे हे गाव महाराष्ट्रास परिचित आहे. रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास शिकाव्या लागणाऱ्या ऊष्मागतिकीशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडेल. हा संबंध भूगोलाने जोडलेला आहे. माहूरच्या डोंगराला वळसा घालून वाहणारी पैनगंगा १९५६ पर्यंत केवळ दोन जिल्ह्यांची सीमा नव्हती. ती दोन राज्यव्यवस्थांची सीमा होती. अलीकडचा काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे आणि माहूर ज्या किनवट तालुक्यात होते तो तालुका आदिलाबाद जिल्ह्यात समाविष्ट होता. पलीकडचा यवतमाळचा काठ मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. दोन्ही काठांवर मराठी बोलली जात असे. परंतु विद्यापीठाची पायरी चढू इच्छिणाऱ्या तरुणास एका काठावरून उर्दूकडे आणि दुसऱ्या काठावरून इंग्रजीकडे जावे लागे. एकच शास्त्र, एकच मातृभाषा आणि तरीही शिक्षणाच्या दोन परक्या भाषा, अशी ही स्थिती होती. ऊष्मागतिकीसारखा संकल्पनाप्रधान विषय अशा स्थितीत कसा शिकविला गेला आणि त्यातून आज काय शिकता येईल, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

१

प्रथम विषयाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. ऊष्मागतिकीचा जन्म वाफेच्या यंत्रापासून झाला. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली, उष्णतेपासून जास्तीत जास्त किती कार्य मिळविता येईल, हा प्रश्न उपस्थित केला. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) याने १८४८ साली निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. रूडॉल्फ क्लाउझिउस याने १८५० साली दोन नियमांची संगती लावली. आणि अमेरिकेतील गिब्ज याने १८७६ ते १८७८ या काळात रासायनिक पदार्थांच्या समतोलापर्यंत या शास्त्राची व्याप्ती नेली. रासायनिक अभियंत्यास गिब्जच्या या कार्याचे महत्त्व विशेष. ऊर्ध्वपातनाच्या स्तंभात कोणत्या थरावर कोणते मिश्रण असेल, एखादी विक्रिया कोठवर जाईल, वाफेच्या एका शेरात किती उष्णता साठविलेली असते, या प्रश्नांची उत्तरे त्यास येथूनच काढावी लागतात.

या शास्त्राचा अभ्यासक्रमातील प्रवेश मात्र बराच उशिराचा आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत रासायनिक अभियांत्रिकीचा स्वतंत्र अभ्यासक्रम १८८८ साली सुरू झाला. लुइस व रँडल यांचा ऊष्मागतिकीवरील प्रसिद्ध ग्रंथ १९२३ सालचा. पण तो मुख्यतः रसायनशास्त्रज्ञांसाठी लिहिलेला होता. डॉज याचे रासायनिक अभियंत्यांसाठी लिहिलेले पुस्तक १९४४ साली व स्मिथ याचे पाठ्यपुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे भारतात रासायनिक अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा पाया घातला जात होता त्याच दशकांत पाश्चात्त्य देशांतही या विषयाचे पाठ्यपुस्तकी रूप घडत होते.

त्यामुळे इंग्रजीतही परिभाषा स्थिर झालेली नव्हती. ज्या राशीला आज एंथाल्पी म्हणतात तिला लुइस व रँडल ‘उष्णता-सामग्री’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. गिब्जच्या मुक्त ऊर्जेसाठी त्यांनी जे अक्षर वापरले तेच अक्षर इतर लेखक हेल्महोल्ट्झच्या मुक्त ऊर्जेसाठी वापरीत. पहिल्या नियमात कार्याचे चिन्ह धन धरावयाचे की ऋण, यावरही एकमत नव्हते. यंत्र अभियंते यंत्राने दिलेले कार्य धन मानीत, तर अनेक रसायनशास्त्रज्ञ पदार्थावर केलेले कार्य धन मानीत. दोन पुस्तके शेजारी ठेवून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याची या चिन्हांमुळे आजही फसगत होते. सारांश, इंग्रजीतून शिकल्याने परिभाषेचा प्रश्न आपोआप सुटतो, ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

२

आता अलीकडच्या काठाकडे वळावयाचे. सर अकबर हैदरी यांच्या पुढाकाराने हैदराबादेत उर्दू माध्यमाच्या विद्यापीठाची योजना पुढे आली. १९१७ साली तिला मान्यता मिळाली, त्याच वर्षी भाषांतर विभाग, म्हणजे ‘दारुल तर्जुमा’, स्थापन झाला, आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठाची सनद निघाली. भाषांतर विभागाची धुरा आरंभी मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. आधुनिक विद्याशाखांचे उच्च शिक्षण भारतीय भाषेतून देणारे हे विद्यापीठ त्या काळी अपूर्वच होते. इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला होता. तथापि भौतिक, रसायन, गणित, वैद्यक यांचे अध्यापन उर्दूतून होत असे.

परिभाषेचे काम तेथे गांभीर्याने झाले. शब्द केवळ अरबीच्या टाकसाळीत पाडावेत, की उर्दूच्या स्वतःच्या घडणीप्रमाणे फारसी व हिंदी अंशही घ्यावेत, याविषयी तेथे बराच वाद झाला. वहीदुद्दीन सलीम यांचा पारिभाषिक शब्दांच्या घडणीवरील ग्रंथ (१९२१) या वादाचे फलित होय. ऊष्मागतिकीस उर्दूत ‘हरहरकियात’ असे नाव आहे. ‘हरारत’ म्हणजे उष्णता व ‘हरकत’ म्हणजे गती. या दोन अरबी धातूंच्या संयोगाने ते सिद्ध झाले आहे. मराठीतील ‘ऊष्मागतिकी’ची घडण अगदी याच धर्तीची आहे, केवळ धातू संस्कृत आहेत. दोन्ही शब्द मूळ युरोपीय शब्दाचे अवयवशः रूपांतर करतात.

हे कार्य मोठे होते, यात शंका नाही. भाषांतर विभाग, अध्यापक, परीक्षा आणि राज्याचे दप्तर या सर्वांची भाषा एक होती. उर्दूतून शिकलेल्या पदवीधरास उर्दूतूनच कारभार करता येत असे. भाषांतरित पुस्तक कपाटात पडून राहत नसे, कारण त्यावर शिकविणारा शिक्षक आणि प्रश्न विचारणारा परीक्षक अस्तित्वात होता. १९४० च्या दशकात उस्मानियात रासायनिक तंत्रविद्येचे शिक्षणही सुरू झाले. त्याची गरज दूरची नव्हती. नांदेड जिल्ह्याच्या शेजारीच बोधन येथे निजाम साखर कारखाना १९३७ साली स्थापन झाला होता. आणि माहूर ज्या आदिलाबाद जिल्ह्यात होते त्याच जिल्ह्यात सिरपूर येथील कागद गिरणी १९३८ साली स्थापन होऊन १९४२ पासून कागद तयार करू लागली होती. रस आटविणे, मळीपासून मद्यार्क काढणे, बांबूचा लगदा वाफेच्या दाबाखाली शिजविणे, या सर्व प्रक्रिया ऊष्मागतिकीच्या हिशेबावरच चालतात.

परंतु या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव होती. संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा उर्दू नव्हती. तेलुगू भाषिक सर्वांत अधिक होते. मराठी भाषिक सुमारे एक-चतुर्थांश होते. कानडी भाषिकांची संख्याही मोठी होती. माहूर-किनवटच्या डोंगराळ भागात तर गोंडी, कोलामी व बंजारा बोलीही होत्या. स्वभाषेतून शिक्षण या तत्त्वावर उभारलेले विद्यापीठ मराठी मुलाच्या दृष्टीने परभाषेतूनच शिकवीत होते. त्याच्या वाट्यास आलेली परभाषा इंग्रजी नसून उर्दू होती, एवढाच भेद.

३

पलीकडच्या काठावरील विद्यार्थी नागपूरकडे पाहत असे. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ सालची. कामठीचे उद्योगपती रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने दिलेल्या देणगीतून १९४२ साली तेथे लक्ष्मीनारायण तंत्रसंस्था उभी राहिली आणि मध्य भारतास रासायनिक अभियांत्रिकीचे केंद्र लाभले. त्याआधी १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने आपला रासायनिक तंत्रविद्या विभाग सुरू केला होता. १९३८ साली डॉ. के. वेंकटरामन हे त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. दोन्ही संस्थांचे माध्यम इंग्रजी होते. ग्रंथ इंग्रजी-अमेरिकी होते. मापेही तीच होती. वाफेची कोष्टके पौंड, फॅरनहाइट अंश व ब्रिटिश उष्मा-एकक यांत दिलेली असत. पदार्थविज्ञानाच्या वर्गात कॅलरी शिकलेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या वर्गात येताच एका एककाच्या २५२ कॅलरी करीत बसे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धती हळूहळू रूढ झाली, तरी जुनी कोष्टके वर्गांतून एकदम नाहीशी झाली नाहीत.

या दोन काठांचा प्रत्यक्ष संबंध १९३८ साली आला. त्या वर्षी उस्मानियाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून संघर्ष झाला. बंदी न जुमानणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांच्यापैकी अनेकांना आपले दरवाजे उघडले, कुलगुरू टी. जे. केदार यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे या विद्यार्थ्यांपैकीच एक होते. या घटनेचे राजकीय महत्त्व इतिहासकारांनी पुष्कळ वर्णिले आहे. तिची शैक्षणिक बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. उर्दूत शास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यास नागपुरात तेच शास्त्र इंग्रजीत पुन्हा ओळखून घ्यावे लागणार होते. हरारतीच्या जागी इंग्रजी शब्द आला. पण मराठी मनाला उष्णता, ताप, ऊब, धग यांच्याशी त्याची सांगड घालून देणारा दुवा या काठावरही नव्हता आणि त्याही काठावर नव्हता.

स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या बाजूसही परिभाषेचा उद्योग सुरू झाला. मध्यप्रांत सरकारच्या आश्रयाने डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंपासून हजारो शब्द घडविले. त्यांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली प्रसिद्ध झाला. एका बाजूस अरबी धातू, दुसऱ्या बाजूस संस्कृत धातू; पण पद्धत एकच, अभिजात भाषेच्या भांडारातून नवा शब्द काढण्याची. ही पद्धत मुळीच अशास्त्रीय नाही. क्लाउझिउसने १८६५ साली झुरिकमध्ये ‘एंट्रॉपी’ हा शब्द बनविला तो ग्रीक भाषेतून, आणि तोही हेतुतः. प्राचीन भाषेतील शब्द घेतल्यास तो सर्व जिवंत भाषांत एकाच अर्थाने चालेल, अशी त्याची भूमिका होती. मात्र येथे एक भेद निर्णायक ठरतो. झुरिकच्या विद्यार्थ्यास शब्द ग्रीक मिळाला तरी त्याचे विवरण त्याने जर्मन भाषेत ऐकले. हैदराबाद व नागपूर येथील मराठी विद्यार्थ्यास शब्दही परका मिळाला आणि विवरणही परके मिळाले.

४

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. तीन दशकांच्या परिश्रमांनी तयार झालेली उर्दू शास्त्रीय ग्रंथसंपदा अध्यापनाच्या दृष्टीने एकाएकी निरुपयोगी ठरली. या घटनेकडे केवळ राजकीय न्यायाच्या दृष्टीने पाहणे अपुरे होईल. निजामी राजवटीविरुद्ध लढलेल्या मराठवाड्याला त्या भाषाधोरणाचा अंत इष्ट वाटावा, हे स्वाभाविक होते. तथापि भारतीय भाषेतून ऊष्मागतिकीसारखा विषय पदवीपर्यंत शिकविता येतो, याचा जो प्रत्यक्ष पुरावा निर्माण झाला होता, तोही त्या भाषाधोरणाबरोबर विस्मृतीत गेला. राज्य गेले तशी भाषाही गेली, कारण तिचा आधार घराघरांत नव्हता, दरबारात होता.

पुढील घटनाक्रम परिचित आहे. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि किनवट तालुकाही आदिलाबादेतून निघून नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. माहूरजवळ पैनगंगा ही राज्यांची सीमा उरली नाही. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९८१ साली नांदेडला श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९९४ साली नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने उभे राहिले. मुंबईच्या रासायनिक तंत्रविद्या विभागातून विकसित झालेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने २०१८ साली जालन्यास आपले मराठवाडा केंद्र काढले. ज्या माहूरच्या मुलास एके काळी हैदराबाद किंवा नागपूर गाठावे लागे, त्यास रासायनिक अभियांत्रिकीची पदवी आज नांदेडमध्येच मिळते. अंतर तुटले, भाषेचा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

मराठीत परिभाषा तयार झाली नाही, असे म्हणता येणार नाही. १९६० नंतर शासनाच्या भाषा संचालनालयाने शास्त्रीय परिभाषा कोश काढले. १९७६ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या मराठी विश्वकोशात ‘ऊष्मागतिकी’ हा शब्द स्थिरावला आणि ‘एंट्रॉपी’ हा शब्द तसाच ठेवण्याचा शहाणपणाही दाखविला गेला. परंतु कोशातील शब्द वर्गात आला नाही. वर्गात आला नाही म्हणून परीक्षेत आला नाही, आणि परीक्षेत आला नाही म्हणून विद्यार्थ्याने तो शिकला नाही.

५

या इतिहासाचा विषयाच्या आकलनाशी असलेला संबंध एका स्थानिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. माहूरपासून फार दूर नसलेल्या उनकेश्वर येथे गरम पाण्याचे झरे आहेत. समजा, असे पाणी ४२ अंश सेल्सिअसचे आणि भोवतालचे तापमान २७ अंशांचे आहे. झऱ्यात उष्णता अपार आहे. मग तिच्यावर यंत्र का चालू नये, असा प्रश्न कोणताही जिज्ञासू विद्यार्थी विचारील. निरपेक्ष मापाने ही तापमाने ३१५ व ३०० होतात. कार्नोच्या सिद्धान्तानुसार आदर्श यंत्रसुद्धा घेतलेल्या उष्णतेच्या ३१५ पैकी १५ भागांचे, म्हणजे शंभरात पाच भागांहूनही कमी उष्णतेचे कार्यात रूपांतर करू शकेल. उलट १८० अंशांच्या वाफेवर चालणाऱ्या आणि ४० अंशांवर उष्णता टाकणाऱ्या आदर्श यंत्रास शंभरात सुमारे ३१ भाग मिळू शकतात. उष्णता किती आहे यापेक्षा ती कोणत्या तापमानाची आहे हे कार्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. दुसऱ्या नियमाचे हे मर्म होय.

आता मराठी बोलीकडे पाहावे. ‘आज उष्णता फार आहे’ असे म्हणताना बोलणाऱ्यास तापमान अभिप्रेत असते. ‘ताप’ म्हणजे ज्वर, ‘ताप’ म्हणजे त्रास आणि ‘ताप’ म्हणजे उष्णताही. ‘शक्ती’ या एकाच शब्दाने बल, ऊर्जा व कार्याची त्वरा या तिन्ही राशींचा निर्देश होतो. ‘अश्वशक्ती’त ती त्वरा असते, तर ‘वाफेच्या शक्ती’त कधी दाब तर कधी ऊर्जा. ‘कार्य’ म्हटले की घरातील मंगलकार्य आठवते. ‘मुक्त ऊर्जा’ ऐकून ती फुकट मिळते, असा समज होणे अशक्य नाही. इंग्रजी बोलीतही अशीच संदिग्धता आहे. पण इंग्रज विद्यार्थ्याचा शिक्षक त्याच्या बोलीतील चुकीचा अर्थ त्याच्यासमोर खोडून काढतो. मराठी विद्यार्थ्याच्या मनातील ‘उष्णता’ आणि ‘तापमान’ यांची सरमिसळ मात्र वर्गात कधी उच्चारलीच जात नाही, म्हणून ती दुरुस्तही होत नाही. तो इंग्रजी व्याख्या पाठ करतो, समीकरण सोडवितो, उत्तीर्णही होतो. आणि जुनी समजूत तिच्या जागी अबाधित राहते. कारखान्यात झडपेतून वाफेचा दाब उतरविला जातो तेव्हा तिची एंथाल्पी जवळजवळ तशीच राहूनही तिची कार्यक्षमता का घटते, हे तेथील कामगारास मराठीत समजावून सांगण्याची वेळ आली की ही उणीव उघडी पडते.

यावरून असे दिसते की ऊष्मागतिकीच्या अध्ययनात भाषेचे खरे कार्य नवीन शब्द पुरविण्याचे नसून जुन्या शब्दांची मर्यादा आखून देण्याचे आहे. ते कार्य विद्यार्थी ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेतच होऊ शकते. पारिभाषिक शब्द ग्रीक असो, संस्कृत असो वा इंग्रजी असो, त्याने फारसे बिघडत नाही. विवरण परके असले म्हणजे मात्र बिघडते.

६

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्यास मुभा दिली आणि पाठ्यपुस्तकांच्या भाषांतराचे काम हाती घेतले. हा उपक्रम स्वागतार्ह आहे. परंतु माहूरच्या दोन काठांचा इतिहास त्यास दोन इशारे देतो. उस्मानियाने भाषांतर, अध्यापक, परीक्षा व नोकरी यांची अखंड साखळी उभारली होती, पण त्या साखळीस प्रजेच्या घराचा आधार नव्हता. म्हणून ती एका राजकीय आघाताने तुटली. मराठीस घराचा आधार आहे, पण साखळी नाही. भाषांतरित पुस्तकाचे ढीग उभे राहिले आणि त्यावर शिकविणारा, त्यातून प्रश्न काढणारा व ते ज्ञान कारखान्यात मराठीत वापरणारा कोणी नसला, तर ती पुस्तकेही दारुल तर्जुम्याच्या पुस्तकांच्या वाटेने जातील.

दुसरा इशारा अधिक सूक्ष्म आहे. सीमेवरील माहूर-किनवटच्या वर्गात मराठीही सर्वांची मातृभाषा नाही. गोंड, कोलाम व बंजारा कुटुंबांतील विद्यार्थ्यांस प्रमाण मराठी हीदेखील शिकलेलीच भाषा असते. जी चूक उस्मानियाने मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत केली तीच चूक मराठी माध्यमाने या विद्यार्थ्यांच्या बाबतीत करता कामा नये. म्हणून इंग्रजी हटवून मराठी आणण्याचा आग्रह धरण्यापेक्षा, समीकरणे, चिन्हे व आंतरराष्ट्रीय संज्ञा तशाच ठेवून त्यांचे विवरण विद्यार्थ्याच्या बोलीपर्यंत नेण्याचा मार्ग अधिक श्रेयस्कर होय. अध्यापकास त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. पहिल्या तासाला ‘उष्णता म्हणजे काय’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषेत विचारावा आणि मिळालेली उत्तरे फळ्यावर लिहून एकेक तपासावीत, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर विद्यार्थ्यास हा प्रश्न त्याच्या भाषेत विचारला गेला नव्हता.